चांद्याचे रान आणि आभाळातली नजर

विमान आणि कॅमेरा येण्याच्या पुष्कळ आधीपासून चांद्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीची, जमीन वरून पाहिली जात होती. ते पाहणे कागदावरचे होते, एवढेच. १८६९ साली मेजर ल्युसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसूल बंदोबस्ताचा अहवाल लिहिला आणि गावे, जमीनदाऱ्या, जंगले, खनिजे एका नजरेच्या टप्प्यात आणून ठेवली. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा आहे, ही गोष्ट त्याच काळात पक्की होत गेली. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील टी. डब्ल्यू. एच. ह्यूजेस यांनी १८७७ मध्ये या कोळसाक्षेत्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वरोऱ्याला सरकारी कोलियरी सुरू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला. १८८२ साली फॉन श्वार्त्झ या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यात लोखंडाचा धंदा कितपत परवडेल यावर अहवाल दिला. लोहाऱ्याचे लोहखनिज आणि वरोऱ्याचा कोळसा एकाच जिल्ह्यात, हे त्यातले मोठे आकर्षण. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या वाचनात तो अहवाल आला आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. पुढे १९०४ च्या सुमारास त्यांचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांनी चांद्याच्या रानात शोध घेतला, तेव्हा मोठ्या कारखान्याला पुरेल इतका साठा काही हाती लागला नाही. निराश होऊन दोराबजी नागपूरला आले. तिथे सचिवालयाजवळच्या संग्रहालयात मध्य प्रांताचा भूवैज्ञानिक नकाशा त्यांनी पाहिला. त्यात दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाची, प्रमथनाथ बोस यांच्या सर्वेक्षणातून आलेली खूण होती. शोधाची दिशा तिथून पूर्वेकडे वळली आणि शेवटी कारखाना झाला तो जमशेदपूरला. चांद्याच्या वाट्याला पोलादाचे शहर आले नाही, याचा निर्णय चांद्यापासून दूर, एका दालनात टांगलेल्या कागदासमोर झाला.

म्हणूनच हवाई छायाचित्रांनी दुर्गम मुलूख पहिल्यांदाच उजेडात आणला, हे नेहमीचे विधान चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाबतीत मला पटत नाही. हा मुलूख आधीच नोंदला गेला होता, त्याचे वर्ग पाडले गेले होते, त्याची किंमत ठरली होती. राखीव जंगल, जमीनदारीचे जंगल, पडीक, खनिजक्षेत्र हे सारे खाने बंदोबस्ताच्या आणि वनखात्याच्या दप्तरात तयार होते. आभाळातल्या कॅमेऱ्याने त्या खान्यांना चित्र दिले, आणि चित्रामुळे ते खाने निसर्गाने आखून दिल्यासारखे भासू लागले. हवाई आणि उपग्रह छायाचित्रे खोटी असतात, असे मी म्हणत नाही. त्यांचा अर्थ दोन गोष्टींवर ठरत आला आहे, एवढेच माझे म्हणणे आहे: ते चित्र कोणाच्या ताब्यात आहे, आणि वाचताना त्याच्या शेजारी जमिनीवरचा कोणता कागद किंवा कोणाचा शब्द ठेवला आहे. या दोन जिल्ह्यांच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात याचे पुरावे जागोजाग सापडतात.

आपल्या भागात विमानातून जमिनीची छायाचित्रे घेण्याचा उद्योग अगदी सुरुवातीच्या काळापासून जंगलासाठीही झाला. १९२४ मध्ये, ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग असताना, इरावतीच्या मुखाजवळच्या दलदलीच्या जंगलांचे हवाई सर्वेक्षण झाले. जिथे माणसाला चालणेही अवघड, तिथले लाकूड किती आणि कुठे आहे हे वनखात्याला हवे होते. पद्धत साधी आणि सुंदर होती. विमान सरळ रेषेत उडते, कॅमेरा ठरावीक अंतराने खाली पाहून छायाचित्र घेतो, आणि लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये सुमारे ६० टक्के जमीन सारखीच येईल अशी काळजी घेतली जाते. ही जोडी त्रिमितीदर्शक भिंगाखाली ठेवली की सपाट कागदातून टेकड्या आणि झाडांचे शेंडे उठून उभे राहतात. झाडाची उंची मोजता येते, शेंड्याच्या घेरावरून लाकडाचा अंदाज बांधता येतो. स्वातंत्र्यानंतर सर्व्हे ऑफ इंडियाने देशभराचे नकाशे याच रीतीने नव्याने केले. १९६५ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने वनसंपत्तीचे गुंतवणूकपूर्व सर्वेक्षण सुरू झाले. त्याचेच रूपांतर १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण संस्थेत झाले. १९६६ मध्ये डेहराडूनला छायाचित्रवाचनाचे शिक्षण देणारी संस्था नेदरलँड्सच्या सहकार्याने उभी राहिली. १९७० मध्ये पिशारोथ रामा पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन नारळाच्या झाडांवरचा रोग ओळखून दाखवला, आणि भारतीय दूरसंवेदनाची वाट तिथून रुंद होत गेली. ज्या शास्त्रज्ञांनी हे उभे केले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. हातात तुटपुंजी साधने असताना त्यांनी एक अख्खे शास्त्र या देशात रुजवले.

तरी 'गुंतवणूकपूर्व' हा त्या १९६५ च्या सर्वेक्षणाचा हेतू विसरून चालणार नाही. कागद, प्लायवूड, लगदा यांच्या कारखान्यांना कच्चा माल कुठून मिळेल, याचे उत्तर त्यातून हवे होते. चांद्याच्या संदर्भात हे नीट समजते, कारण बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ पासूनच या जंगलातील बांबूवर डोळा ठेवून होता. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती त्याहूनही जुनी. म्हणजे जंगलाकडे लाकडाचा साठा म्हणून पाहण्याची सवय आधीची. कॅमेऱ्याने तिला मोजमापाची धार दिली. वरून दिसतो तो झाडांचा माथा. माथ्याखाली जे आहे त्यावर या दोन जिल्ह्यांतील गोंड, माडिया, परधान, कोलाम आणि इतर गावकऱ्यांचे वर्ष चालते: मार्च-एप्रिलमधला मोह, मेमधला तेंदूपत्ता, चार, हिरडा, डिंक, कंदमुळे, चराईचे गवत. तेंदूची पाने तोडली जातात ती बहुतेक कमरेएवढ्या झुडपांवरून. मोठ्या झाडांखालचा बांबूसुद्धा वरच्या चित्रात माथ्याच्या हिरव्या रंगात मिसळून जातो. गावांना जंगलातून लाकूडफाटा, गवत, माती, बांबू घेण्याचा जो निस्तार हक्क जुन्या मध्य प्रांताच्या काळापासून नोंदलेला होता, त्याची खूण तर कोणत्याच छायाचित्रात उमटणार नव्हती. ती निस्तार पत्रकात होती, आणि निस्तार पत्रक पटवाऱ्याच्या दप्तरात होते. छायाचित्र दिल्ली-डेहराडूनला आणि निस्तार पत्रक तालुक्याला, अशी ही फारकत होती. दोन्ही कागद एका टेबलावर ठेवण्याची गरज बराच काळ कुणालाही वाटली नाही.

चित्र स्वतः बोलत नाही, ते वाचावे लागते, याचा एक लख्ख पुरावा राष्ट्रीय पातळीवरचा आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह सुटला. त्याच्या मालिकेतील चित्रांवरून हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने देशाचे वनाच्छादन मोजले, तेव्हा ते १९८०–८२ मध्ये सुमारे १४ टक्के भरले. भारतीय वन सर्वेक्षणाने जवळपास त्याच काळातील लँडसॅट चित्रे वाचून आपला पहिला अहवाल १९८७ मध्ये काढला. त्यात हाच आकडा साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास होता. पुढे दोन्ही संस्थांनी बसून आकड्यांचा मेळ घातला. आभाळातली नजर एकच, देश एकच, आणि तरीही मधला फरक महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठ्या प्रदेशाएवढा! फरक पडला तो वन कशाला म्हणायचे आणि विरळ झाडीची सीमा कुठे धरायची, यावरून. आजच्या व्याख्येत एक हेक्टरपेक्षा मोठ्या जमिनीवर झाडांच्या माथ्यांची सावली दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर ते वनाच्छादन. मग मालकी कोणाची, झाड कोणते, कायद्याने ते जंगल आहे की नाही, हे पाहिले जात नाही. ऋतूचाही यात वाटा आहे. पानगळीचे सागवानी जंगल ऑक्टोबर-नोव्हेंबरात गच्च हिरवे असते आणि मार्च-एप्रिलमध्ये उघडे पडते. म्हणून वन सर्वेक्षण पावसाळ्यानंतरची चित्रे घेते, आणि ते शास्त्राला धरून आहे. पण ज्या महिन्यांत गावकरी जंगलात सर्वांत जास्त वावरतात, त्या महिन्यांतले जंगल या हिशेबाबाहेर राहते, ही जाणीव ठेवली पाहिजे.

या व्याख्येचे परिणाम गडचिरोलीत फार ठळक दिसतात. महाराष्ट्राच्या वनाच्छादनाची बढाई ज्या जिल्ह्याच्या जिवावर मारली जाते तो हा जिल्हा. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला, क्षेत्र १४ हजार ४१२ चौरस किलोमीटर आणि त्यातले सुमारे ७० टक्के वनाच्छादित. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने पूर्व विदर्भात अनेक ठिकाणी मिश्र जंगल तोडून सागाची लागवड केली. तोडीनंतर काही वर्षे चित्रात डाग दिसतो, मग साग वाढतो, माथे जुळतात आणि डाग भरून येतो. टक्केवारीच्या लेखी काहीच गेले नाही. गावाच्या लेखी मोह गेला, चार गेली, तेंदू गेला, आणि म्हणून ग्रामसभांनी या तोडीला विरोध केला. उलट टोकाचे उदाहरण झुडपी जंगलाचे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील या जमिनी महसूल दप्तरात झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या. वरून पाहावे तर कित्येक ठिकाणी झाडांची सावली दहा टक्केसुद्धा नाही. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच आहेत असा निर्णय दिला. चित्रात जंगल नाही आणि कायद्यात आहे, अशी ही जमीन. तर सागाच्या लागवडीत चित्रात जंगल आहे आणि गावाच्या जगण्यात नाही. दोन्ही ठिकाणी नुसत्या छायाचित्रावर विसंबणारा माणूस फसेल.

इथे कोणी म्हणेल की जंगलाबाबत हे खरे असेलही, पण खाणींचे काय? तिथे तर आभाळातून दिसणारी गोष्टच सर्वांत प्रामाणिक असते. हा आक्षेप मला मोलाचा वाटतो आणि मोठ्या प्रमाणात मान्यही आहे. १९७३ मध्ये कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सची स्थापना झाली आणि त्यानंतर वर्धा खोऱ्यातले काम भुयारातून बाहेर पडून उघड्या खाणीत आले. दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, घुग्घूस, माजरी. १९८३ पासून चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र वाढत गेले आणि आज त्याची क्षमता २ हजार ९२० मेगावॉट आहे. उघडी खाण ही पृष्ठभागावरची घटना आहे. खड्डा, त्याच्या पायऱ्या, शेजारी रचलेले ओबीचे, म्हणजे कोळशावरून उपसलेल्या माती-दगडांचे, डोंगर, इरई आणि वर्धा यांच्या काठाशी सरकणारी काळपट हद्द, हे सगळे वरून जसे कळते तसे खाणीच्या दाराशी उभे राहून कळत नाही. १९७० च्या दशकापासूनची लँडसॅट चित्रे एकामागून एक पाहिली, तर चंद्रपूरभोवतीच्या शेतीचे आणि रानाचे काय झाले हे समजायला दुसरा साक्षीदार लागत नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत वरच्या क्रमांकावर आले. त्यामागचा भूप्रदेश कसा घडला, हे ही चित्रे दाखवतात. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण आणि कोळसा मंत्रालयांनी वर्धा खोऱ्यासह नऊ कोळसाक्षेत्रांचे नकाशे वनाच्छादनाच्या नकाशावर ठेवून पाहिले आणि एकूण आच्छादन ३० टक्क्यांहून किंवा भारित (झाडीच्या दाटीनुसार वजन दिलेले) आच्छादन १० टक्क्यांहून जास्त असेल तिथे खाण नको, असा निकष सुचवला. तो टिकला नाही, पण खाण मागणाऱ्याला जंगलाचे चित्र दाखवून थांबवण्याचा तो गंभीर प्रयत्न होता. उपग्रहाशिवाय तो करताच आला नसता.

तरीसुद्धा ताब्याचा प्रश्न इथेही सुटत नाही. २००८ पासून कोल इंडियाच्या उघड्या खाणींवरील भूसुधारणेची उपग्रहातून पाहणी होते. कोळसा आणि माती मिळून वर्षाला ५० लाख घनमीटरपेक्षा जास्त उत्खनन करणाऱ्या खाणींची दरवर्षी, लहान खाणींची तीन वर्षांतून एकदा. काम उपयुक्त आहे आणि त्याचे अहवाल निघतात, हे चांगलेच. पण ते करणारी रांचीची सीएमपीडीआय ही संस्था आणि खणणारी वेस्टर्न कोलफील्ड्स या दोन्ही कोल इंडियाच्याच उपकंपन्या आहेत. शिवाय ढिगाऱ्यावर लावलेली झाडे चित्रात हिरवी दिसली की ती जमीन सुधारलेली धरली जाते. त्या जागी पूर्वी कापसाचे शेत होते की मोहाची राई, आणि आज तिथे गुरे चरू शकतात का, हे हिरव्या रंगातून उलगडत नाही. भुयारी खाणींबाबत तर चित्र आणखी मुके आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भुयारी खाणीची पोकळी होती. वरच्या चित्रात तो वॉर्ड इतर कोणत्याही वस्तीसारखाच दिसत होता. रडारवाल्या उपग्रहांनी जमिनीचे खचणे मिलिमीटरमध्ये मोजता येते, त्यामुळे ही उणीव तंत्रज्ञानच भरून काढील, असे सांगितले जाते. भरून काढावे, त्याचे स्वागतच आहे. पण कुठे मोजायचे हे सांगायला जुन्या भुयारांचे नकाशे लागतात. वरोऱ्याची कोलियरी १९०६ मध्ये बंद झाली, तेव्हापासूनच्या अशा किती पोकळ्या वस्त्यांखाली आहेत, हे दप्तरांतून आणि जुन्या खाणकामगारांच्या आठवणींतूनच नक्की होईल.

छायाचित्राच्या अधिकाराची सर्वांत कठोर परीक्षा वनहक्क कायद्यात झाली. २००६ च्या या कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्याला कमाल चार हेक्टरपर्यंतच्या हक्काचा दावा करता येतो. २००८ च्या नियमांत पुराव्यांच्या यादीत गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे यांच्या जोडीला उपग्रह चित्रेही घातली गेली. पुढे वेगवेगळ्या राज्यांत असे घडू लागले की उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही, सबब दावा फेटाळला. आता मोजमाप पाहू. सुरुवातीच्या लँडसॅटचा एक ठिपका जमिनीवर साधारण ८० मीटरचा. १९८८ च्या आपल्या आयआरएस–१ए उपग्रहाचा एक संवेदक ७२ मीटरच्या, तर दुसरा ३६ मीटरच्या आसपास. १९९५ मध्ये आयआरएस–१सी आला तेव्हा ५.८ मीटरची काळीपांढरी चित्रे मिळू लागली, आणि अडीच मीटरचा कार्टोसॅट–१ सुटला मे २००५ मध्ये, म्हणजे कायद्याच्या तारखेच्या जेमतेम सात महिने आधी. भामरागड किंवा एटापल्लीच्या डोंगरउतारावर मोहाची झाडे राखून कसलेला एक-दीड एकराचा तुकडा जुन्या चित्रात एखाद्या ठिपक्यातच मावतो, आणि त्या ठिपक्यात झाडे असल्याने तो जंगल म्हणून रंगवला जातो. फिरत्या शेतीत पडीक सोडलेली जमीन तर दोन-चार वर्षांत पुन्हा हिरवी. इतर पारंपरिक वननिवासींना तर ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, म्हणजे १९३० पर्यंत मागे जावे लागते. तेव्हा कोणता उपग्रह होता? ही विसंगती ओळखूनच २०१२ च्या दुरुस्तीने नियमात स्पष्ट केले की उपग्रह चित्र इतर पुराव्याला पूरक ठरू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानेही केवळ उपग्रहाच्या चित्रावर दावे नाकारण्याची पद्धत अमान्य केली.

याला विरोध करणारे लोक सगळेच आदिवासींचे वैरी आहेत, असे समजणे अन्यायाचे होईल. जंगलावर खरोखरच अतिक्रमण होते, २००५ नंतर तोडलेल्या जमिनीवर जुना हक्क सांगितला जातो, आणि निव्वळ तोंडी साक्षीवर पट्टे वाटले तर वाघाचा मार्ग आणि गावाचे सामायिक रान दोन्ही तुकड्यातुकड्याने जाईल, अशी त्यांची काळजी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ च्या आदेशात भारतीय वन सर्वेक्षणाला अतिक्रमणांची उपग्रह पाहणी करायला सांगितले, ते याच काळजीतून. दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा भाग त्याच महिन्याच्या अखेरीस स्थगित झाला. माझे उत्तर असे की या काळजीला चित्र हेच एक औषध मानले, तर ते चुकीच्या माणसाला लागू पडते. २००५ नंतर यंत्राने सपाट केलेली दहा एकर जमीन उपग्रहाला लगेच दिसते, तिथे तो खरेच उपयोगाचा आहे. झाडे राखून, बांध न घालता, पिढ्यान्‌पिढ्या कसणारा मात्र त्याला दिसत नाही. म्हणजे नुसत्या चित्राच्या कसोटीवर जंगल सांभाळून शेती करणाराच नापास होतो. तोंडी साक्ष खोटी असू शकते, हे खरे. म्हणून तर कायद्याने ती ग्रामसभेत, शेजारच्या शेतकऱ्यांसमोर आणि वनखात्याच्या माणसासमोर तपासायला सांगितली आहे. तिच्या जोडीला चित्र ठेवले तर दोघांचीही परीक्षा होते.

हे नुसते तत्त्व नाही, गडचिरोलीने ते करून दाखवले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १ हजार ८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. आज जिल्ह्यात चौदाशेहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. हद्द ठरवताना गावकऱ्यांनी नाल्यांची, देवस्थानांची, जुन्या वाटांची नावे सांगितली, जीपीएस यंत्र घेऊन शिवार फिरले, निस्तार पत्रक काढले आणि मग उपग्रहाच्या चित्रावर ती रेघ पडली. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून आहे, गुगल अर्थ २००५ मध्ये आले, इस्रोचे भुवन २००९ मध्ये आले, लँडसॅटचे जुने भांडार २००८ पासून फुकट झाले. एकेकाळी गोपनीय शिक्का मारून कपाटात ठेवलेली नजर अशी हळूहळू गावाच्या मोबाइलवर आली. सुरजागडच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावर ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला. काम सुरू झाल्यावर डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथली अनेक वाहने जाळली. २०२१ पासून उत्खनन पुन्हा वेगाने सुरू झाले आणि २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टनांपर्यंतच्या उत्पादनाला पर्यावरण मंजुरी मिळाली. युरोपचे सेंटिनेल–२ उपग्रह दहा मीटरची चित्रे दर काही दिवसांनी सर्वांना खुली करतात, आणि त्यांतला पहिला २०१५ मध्ये सुटला होता. वरोऱ्याच्या कोलियरीचे पहिले फावडे कोणी टिपले नाही, दुर्गापूरच्या खाणीची वाढ बराच काळ मोजक्या कार्यालयांनाच दिसत होती. सुरजागडचा माथा मात्र कापला गेला तो सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत. डोंगर किती उतरला, लाल माती कोणत्या नाल्याकडे वळली, हे त्या चित्रांतून कोणीही पाहू शकतो. त्याच डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे आणि दर जानेवारीत इलाख्यातील गावे तिथे जमतात. हे चित्रात नाही, आणि खाणीवरील सगळ्या वादाचे मूळ त्यातच आहे.

एक आक्षेप सुरक्षेचा उरतो. सीमेवरच्या आणि सशस्त्र संघर्षाच्या मुलखाची तपशीलवार छायाचित्रे सर्वांच्या हाती देणे धोक्याचे, असे दशकानुदशके मानले गेले. गडचिरोलीत पोलिसांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यामुळे ही भीती पोकळ म्हणता येणार नाही. पण परदेशी उपग्रहांची ताजी चित्रे उघड असताना, सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या हवाई छायाचित्रांनी आज कोणाला धोका होईल? २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने आणि २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनी नकाशांवरचे निर्बंध बरेच सैल केले आहेत. त्या जुन्या छायाचित्रांचे मोल उपग्रहाच्या पहिल्या ठिपक्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांत एकेक झाड, एकेक घर, बांध आणि पाऊलवाट दिसण्याइतका तपशील असतो, आणि ती उघड्या खाणींच्या लाटेच्या आधीची आहेत. पूर्व विदर्भात सहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले किती बुजले, किती शेतात गेले, किती ओबीच्या ढिगाऱ्याखाली आले याचा वाद प्रत्येक तालुक्यात आहे, आणि तलावाची पाळ ही वरून अचूक कळणारी गोष्ट आहे. वर्धा-इरईच्या काठची जी गावे खाणीसाठी उठली, त्यांची गावठाणे आणि आमराया त्या चित्रांत जशाच्या तशा असायला हव्यात. वनहक्काच्या फेटाळलेल्या दाव्यांपैकी कित्येकांची शेते १९८८ च्या उपग्रहाला दिसली नाहीत, पण १९६०–७० च्या दशकांतल्या विमानाला दिसली असण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांची सर्व जुनी हवाई छायाचित्रे स्कॅन करून, त्यांवर तारीख आणि प्रमाण स्पष्ट नोंदवून, एक संच दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत आणि एक गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात ठेवावा. ज्या ग्रामसभेची हद्द ज्या चित्रात येते त्याची प्रत तिला फी न आकारता मिळावी. आणि त्या प्रतीवर तलाव, बोड्या, देवस्थाने, जुनी शेते आणि सोडलेली गावठाणे यांची नावे गावातल्या जाणत्या माणसांकडून आताच भरून घ्यावीत, कारण १९६०–७० चे रान पायाखाली घातलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे.